चेक इंजिनची लाईट जातच नाही? पार्ट बदलण्याआधी एवढं करा

चेक इंजिनची पिवळी लाईट लागली आणि गेलीच नाही, की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "काही नाही हो, सेन्सरचं असतं, चालवा बिनधास्त." दुसरा, "सेन्सर गेलाय, बदलून टाकू." सल्ला देणाऱ्याने तोवर बॉनेटसुद्धा उघडलेलं नसतं. माझ्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकने मला या सगळ्यातून नेलं, आणि आता ओळखीत कुणाची लाईट लागली की फोन मला येतो. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

तुम्ही मेकॅनिक व्हावं म्हणून हे लिहीत नाही. गॅरेजच्या दारात उभं राहताना गाडीची तक्रार काय आहे हे तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहितोय. आणि तक्रार हा शब्द मुद्दाम वापरतोय: स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर) दिसणारा कोड म्हणजे गाडीची तक्रार असते, निकाल नव्हे. "ऑक्सिजन सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड" असा कोड आला तर त्या सर्किटमध्ये सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) येतो, वायर येते, कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) येतो, फ्यूजही येतो. फ्यूज दहा-वीस रुपयांना मिळतो आणि सेन्सर काही हजारांना. आधी काय तपासायचं, हे यावरूनच ठरवा.

जवळ काय काय हवं

- ब्लूटूथ किंवा वायफायचा ओबीडी अडॅप्टर. ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःच केलेली दोषांची तपासणी; हा अडॅप्टर ती मोबाइलवर दाखवतो. बाजारात ईएलएम ३२७ नावाने मिळतो. चारपाचशेपासून दीडदोन हजारांपर्यंत किमती आहेत.
- मोबाइल आणि त्यात ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं ॲप.
- साधा डिजिटल मल्टिमीटर.
- टॉर्च, हातमोजे, १० नंबरचा पाना.
- वही. हो, कागदाची. का ते पुढे कळेल.
- कागदपत्रं: आरसी, सर्व्हिसची मागची बिलं, वॉरंटीचं पुस्तक, विम्याची पॉलिसी आणि गाडीसोबत आलेलं मॅन्युअल. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याचेही कागद.

गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावू नका. कोड वाचायला हरकत नाही, पण वायर कापली, सोलली, टेप मारली की वॉरंटीचा वाद तुमच्या गळ्यात.

१. लाईट नीट बघा

ऐकायला विचित्र वाटेल, पण "चेक इंजिन लागलंय" म्हणून फोन करणाऱ्यांतल्या काहींची लागलेली लाईट वेगळीच निघते. इंजिनाच्या आकाराचं पिवळं चित्र म्हणजे चेक इंजिन. पान्याचं चित्र बहुतेक गाड्यांत सर्व्हिसची आठवण असते. गाडी आणि कुलूप किंवा किल्ली असं चित्र इमोबिलायझरचं, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचं. आणि लाल रंगाची तेलाची झारी किंवा लाल थर्मामीटर दिसला तर पुढचं वाचू नका, गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

चावी ऑन केली आणि इंजिन सुरू केलं नाही, तर ही लाईट लागलेलीच राहते. ते बरोबर आहे. बल्ब चालू असल्याची ती खूण. इंजिन सुरू झाल्यावर काही क्षणांत ती जायला हवी. सुरू झाल्यावरही जात नसेल, तरच पुढचं सगळं.

आता ती स्थिर आहे की लुकलुकतेय? स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल तर घरी जा, सावकाश बघू. लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाहीये आणि ते न जळता सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात) जाऊन तिथे जळतंय. त्या उष्णतेने कन्व्हर्टरच्या आतली जाळी वितळू शकते. दोनतीन हजारांच्या कॉइलचं (प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या पार्टचं) दुखणं मग पाच आकडी बिलावर जातं. खंबाटकी चढताना लाईट लुकलुकायला लागली, तर "वर जाऊन बघू" म्हणू नका. ॲक्सिलरेटर सोडा, जागा बघून थांबा.

२. स्कॅनरच्या आधी डोळे वापरा

लाईट लागायच्या आधीच्या दोनचार दिवसांत गाडीला काय झालं ते आठवा. सर्व्हिसिंग झालं का? इंजिन प्रेशरने धुतलं का? नवीन पंपावर पेट्रोल भरलं का? गाडी आठवडाभर उभी होती का? बॅटरी बदलली का? पावसात पाण्यातून काढली का? सर्व्हिसहून आलेल्या गाडीची लाईट दुसऱ्याच दिवशी लागली, तर एअर फिल्टरच्या डब्याजवळचा एखादा कपलर नीट बसवलेला नसण्याची शक्यता सर्वांत आधी तपासा. ‘टक्’ आवाज येईपर्यंत तो दाबावा लागतो.

इंजिन गार असताना बॉनेट उघडा. रेडिएटरच्या पंख्यापासून हात लांब ठेवा. काही गाड्यांत तो चावी बंद असतानाही अचानक सुरू होतो. मग क्रमाने हे बघा:

- एअर फिल्टरपासून इंजिनकडे जाणारा रबरी पाइप. भेग पडली आहे का, क्लिप ढिली आहे का.
- बारीक व्हॅक्यूम पाइप. एखादा निघून लोंबकळतोय का.
- बॅटरीचे टर्मिनल. हिरवट-पांढरी बुरशी धरली आहे का. हाताने हलत असतील तर आधी ते घट्ट करा.
- तेलाची पट्टी आणि कूलंटची पातळी.
- पेट्रोलच्या टाकीचं झाकण घट्ट आहे का.

आणि उंदीर. पावसाळ्यात आणि थंडीत गरम इंजिनावर त्यांचा मुक्काम असतो. इंजिनच्या प्लास्टिक कव्हरखाली टॉर्च मारा. लेंड्या, धान्याची टरफलं, स्पंजचे तुकडे दिसले तर जवळच्या प्रत्येक वायरवरून बोट फिरवा. कुरतडलेली वायर वरून अखंड वाटते आणि खालच्या बाजूने तांबं उघडं असतं. विम्यात हे बसतं की नाही ते पॉलिसीवर ठरतं, म्हणून दुरुस्तीआधी फोटो काढून ठेवा.

३. अडॅप्टर जोडा

साधारण २०१३ नंतरच्या बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासूनच्या सगळ्या बीएस-६ गाड्यांना १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो. ड्रायव्हरच्या पायाशी, स्टिअरिंगच्या खाली, बहुधा बॉनेट उघडायच्या लिव्हरच्या आसपास. काही गाड्यांत छोटं झाकण काढावं लागतं. (दुचाकीवाल्यांनी हा अडॅप्टर तसाच घेऊ नये. बीएस-६ दुचाकींचा सॉकेट बहुधा सहा पिनांचा असतो, मध्ये वेगळी केबल लागते.)

चावी बंद ठेवून अडॅप्टर बसवा, मग चावी ऑन करा. इंजिन सुरू करू नका. ब्लूटूथ जोडताना पिन मागितला तर १२३४ किंवा ०००० चालतो. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ अडॅप्टर चालत नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ एलई लिहिलेला घ्या. वायफायवाल्याला ॲपमध्ये पत्ता द्यावा लागतो, तो बहुतेक वेळा १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असा असतो.

अडॅप्टरवरचा दिवाच लागला नाही तर सॉकेटला करंट नाही. बऱ्याच गाड्यांत हा सॉकेट आणि सिगारेट लायटर एकाच फ्यूजवर असतात. कुणीतरी स्वस्तातला चार्जर लावून तो फ्यूज उडवलेला असतो.

दिवा लागला पण ॲप गाडीशी बोलत नाही, तर अडॅप्टर नकली असण्याची शक्यता मोठी. अगदी स्वस्त अडॅप्टर सगळ्या गाड्यांची भाषा बोलत नाहीत. गाडीच्या संगणकाला दोष देण्याआधी मित्राचा अडॅप्टर लावून बघा. काम झालं की तो काढून ठेवा. लावून ठेवला तर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू पितो.

४. कोड लिहून घ्या. पुसू नका

ॲपमध्ये ‘फॉल्ट कोड’ वाचा. इंग्रजी पी अक्षर आणि पुढे चार खुणा, असा कोड येतो: पी०१७१, पी०३०३ वगैरे. पी० ने सुरू होणारे बरेचसे कोड सगळ्या कंपन्यांना समान असतात. पी१ ने सुरू होणारे कंपनीचे खास; त्यांचा अर्थ तुमच्याच मॉडेलसाठी शोधा, दुसऱ्या कंपनीचा अर्थ लावू नका. यू ने सुरू होणारे कोड म्हणजे गाडीतले वेगवेगळे संगणक एकमेकांशी बोलत नाहीयेत. असे पाचसहा कोड एकदम दिसले तर आधी बॅटरी आणि अर्थिंग तपासा.

ॲपमध्ये खाली ‘क्लिअर’ असं एक मोहक बटन असतं. दाबलं की लाईट जाते आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण त्यासोबत फ्रीझ फ्रेमही जाते, आणि आपल्याला हवी असते ती तीच.

फ्रीझ फ्रेम म्हणजे दोष पकडला गेला त्या क्षणाची नोंद: इंजिनचे फेरे किती, वेग किती, कूलंटचं तापमान किती, इंजिनवर भार किती. गाडी गार असताना दोष आला की गरम झाल्यावर, सिग्नलला उभी असताना की हायवेला, हे त्यावरून कळतं. सगळे आकडे वहीत लिहा. ‘पेंडिंग’ कोड वेगळ्या पानावर असतात, तेही लिहा. एकदा दिसलेले पण अजून पक्के न झालेले दोष तिथे सापडतात. स्क्रीनशॉट काढलात तरी चालेल, पण तो पुढच्या महिन्यात दोन हजार फोटोंत शोधून दाखवा.

५. आकडे बोलके असतात

आता लाईव्ह डेटा उघडा. खर्च न करता सर्वांत जास्त माहिती इथे मिळते, आणि गॅरेजमध्येही अनेकदा घाईत हीच पायरी गाळली जाते.

आधी इंजिन सुरू न करता दोन आकडे बघा. पहिला, आत जाणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ते आणि कूलंटचं तापमान जवळपास सारखंच, बाहेरच्या हवेइतकं असायला हवं. मे महिन्यात नागपुरात उणे ४० अंश दिसलं तर त्या सेन्सरची वायर तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे. सर्किट उघडं पडलं की संगणकाला हाच आकडा दिसतो. पी०११३ किंवा पी०११८ कोड असताना हे दिसलं, तर नवीन सेन्सर मागवण्याआधी कपलर हातात घेऊन बघा.

दुसरा आकडा इनटेकमधल्या (इंजिनात हवा जाण्याच्या वाटेतल्या) दाबाचा, म्हणजे मॅप सेन्सरचा. इंजिन बंद असताना त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: मुंबईत समुद्रसपाटीला १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५ च्या जवळपास, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभ्या गाडीचा मॅप सेन्सर ७० दाखवत असेल तर तो खोटं बोलतोय. इंजिन सुरू करून आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवलं की हा आकडा साधारण ३० ते ४० वर उतरतो.

इंजिन गरम झाल्यावर: कूलंट साधारण ८५ ते १०० अंश, व्होल्टेज साधारण १३.५ ते १४.५. (इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास असते. काही नव्या गाड्यांत चार्जिंग मुद्दाम कमीजास्त होतं, त्यामुळे एका आकड्यावरून घाबरू नका.)

मग फ्युएल ट्रिम. संगणक ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय, ते हा आकडा सांगतो. लाँग टर्म ट्रिम उणे १० ते अधिक १० मध्ये असेल तर ठीक. अधिक २० च्या पुढे जायला लागला की पी०१७१ येतो: मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. आता गाडी उभी ठेवूनच रेस २५०० फेऱ्यांपर्यंत न्या आणि तिथे धरून ठेवा. आयडलला जास्त असलेला ट्रिम रेस दिल्यावर खाली येत असेल, तर कुठून तरी चोरून हवा शिरतेय. पाइप, गॅस्केट, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारी) नळी बघा. उलट आयडलला बरा आणि चढावर, वेगात वाढत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय: फिल्टर, पंप किंवा इंजेक्टर. ही चाचणी फुकट आहे आणि दोन वेगळ्या बिलांमधला फरक सांगते.

इथे ई२० चा विषय निघतोच. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जळायला हवा थोडी कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. ई१० च्या तुलनेत हा फरक सुमारे ४ टक्के. एवढं संगणक सहज सांभाळतो, म्हणून नुसत्या ई२० ने पी०१७१ यायला नको. पण आधीच कुठे बारीक गळती असेल आणि ट्रिम सीमेवर असेल, तर हे ४ टक्के रेषा ओलांडायला पुरतात. तेव्हा "पेट्रोलमुळे आहे, काही करता येत नाही" हे उत्तर स्वीकारू नका. गळती शोधा.

६. नेहमी भेटणारे कोड

पी०३०० ते पी०३०४. मिसिंग. शेवटचा आकडा सिलिंडरचा; पी०३०३ म्हणजे तिसरा. पी०३०० म्हणजे ठरावीक एका सिलिंडरमध्ये नाही, कुठेही. एका सिलिंडरचा कोड असेल आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर घरीच निकाल लागतो. इंजिन गार होऊ द्या, चावी बंद. तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलचा कपलर लॉक दाबून काढा, १० नंबरचा बोल्ट सोडवा, कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढा. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यात आणि तिसऱ्याची दुसऱ्यात बसवा. कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेलेली आहे, हे कुणाच्या मताशिवाय सिद्ध झालं. कोड पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. तसंच प्लग अदलाबदल करून बघा. कॉइल काढली की खालच्या नळकांड्यात पाणी किंवा तेल साचलंय का तेही बघा. इंजिन धुतल्यानंतर तिथे पाणी साचणं अगदी नेहमीचं आहे.

पी०१३५, पी०१४१. ऑक्सिजन सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट. पहिला पुढच्या सेन्सरचा, दुसरा कन्व्हर्टरच्या मागच्याचा. आधी फ्यूज, मग कपलर, मग वायर, शेवटी सेन्सर. सेन्सरच्या चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन बहुधा हीटरच्या असतात. कपलर काढून त्यांच्यात मल्टिमीटर लावा. गार सेन्सरला साधारण ३ ते १५ ओम दिसले तर हीटर शाबूत. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या माहितीत बघा. काहीच दिसलं नाही, सर्किट उघडं, तरच सेन्सर गेला. माझ्या गाडीला पी०१३५ आला तेव्हा एका गॅरेजने सेन्सरचं कोटेशन हातात ठेवलं होतं. मीटरवर हीटर ठणठणीत निघाला. दोष होता एक्झॉस्टवरून जाणाऱ्या वायरमध्ये: क्लिप तुटून ती गरम पाइपला टेकली होती आणि इन्शुलेशन वितळलं होतं. वायरिंगवाल्याने तुकडा जोडून वर ग्लास-फायबरची नळी चढवली, नवीन क्लिप लावली.

पी०४२०. कन्व्हर्टरची क्षमता कमी. हा कोड दिसला की लोकांचा चेहरा पडतो, कारण पार्ट महाग. थांबा. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज साध्या प्रकारात ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली होतं. मागच्याचं बऱ्यापैकी स्थिर असायला हवं. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कन्व्हर्टरवर संशय घ्यायला जागा आहे. पण एक्झॉस्टच्या जोडाला भेग असेल तरी असंच दिसतं, म्हणून आधी गळती तपासा. आणि मिसिंगचा कोड सोबत असेल तर आधी मिसिंग दुरुस्त करा, नाहीतर नवा कन्व्हर्टरही जाईल. "कॅट काढून साधा पाइप टाकू, पिकअप पण वाढेल" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा. प्रदूषण रोखणारी यंत्रणा काढणं बेकायदा आहे, पीयूसीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा वर जातो, आणि लाईट तर कायमचीच.

पी०१२८. इंजिन पुरेसं गरम होत नाही. आपल्याकडे याचं एक खास देशी कारण आहे: आधीच्या मेकॅनिकने थर्मोस्टॅट (तापमान बघून कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलेला असतो. "आपल्या हवेत गरज नाही" हा त्यामागचा युक्तिवाद. संगणकाला गरज आहे. इंजिन ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही तर तो जास्त पेट्रोल देत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि लाईट जात नाही. नवा थर्मोस्टॅट टाकला की प्रश्न मिटतो.

डिझेलवाल्यांनी पी०४०१ म्हणजे ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात नेणारी यंत्रणा) आणि पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) साचलेली काजळी हे दोन ध्यानात ठेवावेत. रोज तीन किलोमीटर ऑफिस आणि परत, असा वापर असेल तर डीपीएफला स्वतःला जाळून साफ करायची संधीच मिळत नाही. मॅन्युअलमध्ये किती वेगाने किती वेळ चालवायचं ते दिलेलं असतं, तसं हायवेला चालवा. तरीही काजळी गेली नाही तर स्कॅनरने रीजनरेशन (काजळी जाळून टाकणं) करावं लागतं, ते गॅरेजचं काम.

७. सीएनजी किट असेल तर

बाहेरून बसवलेल्या सीक्वेन्शियल किटला स्वतःचा वेगळा संगणक असतो. गाडी गॅसवर चालत असतानाही पेट्रोलचा संगणक ऑक्सिजन सेन्सरकडे बघत असतो. गॅसचं ट्यूनिंग चुकलेलं असेल तर तो आपले ट्रिम वरखाली करतो आणि पी०१७१ किंवा पी०१७२ देतो. पी०२०१ ते पी०२०४ आले तर किटचा इंजेक्टर एम्युलेटर बघा: गॅसवर असताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद आहेत हे पेट्रोलच्या संगणकाला जाणवू नये, हे त्याचं काम.

चाचणी सोपी. कोड लिहून घ्या, पुसा, टाकीभर फक्त पेट्रोलवर चालवा. ट्रिम जागेवर आले आणि लाईट लागली नाही, तर इंजिनवाल्याकडे न जाता किटवाल्याकडे जा आणि लॅपटॉप लावून मॅपिंग (गॅसच्या प्रमाणाची जुळणी) करून मागा. "स्विच फिरवून ॲडजस्ट केलं" हे मॅपिंग नव्हे.

८. कोडच दिसत नाही, तरी लाईट आहे

ॲपमध्ये एमआयएल स्टेटस नावाची ओळ शोधा. एमआयएल म्हणजे हीच चेक इंजिनची लाईट. संगणक लाईट लावायचा हुकूम देतोय की नाही, आणि किती कोड साठले आहेत, हे ती सांगते. हुकूम ‘ऑन’ आहे पण कोड दिसत नाहीत, तर तुमचा अडॅप्टर ते वाचू शकत नाहीये. त्या कंपनीचा स्कॅनर लावून घ्या. हुकूम ‘ऑफ’ आहे आणि डॅशबोर्डवर लाईट जळतेय, तर इंजिन निर्दोष आहे आणि भानगड मीटर कन्सोलमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये आहे. यात ऑटो इलेक्ट्रिशियन लागतो. इंजिन खोलायला निघालेल्याला आवरा.

९. दुरुस्तीनंतर

आता कोड पुसा. पुसला नाहीत तरी चालतं: सलग तीन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (सुरू करून, चालवून, बंद केली की एक) दोष दिसला नाही की लाईट आपणहून जाते, आणि साठवलेला कोड साधारण ४० वॉर्म-अप सायकलनंतर निघून जातो. इंजिन पूर्ण गार होऊन पुन्हा गरम झालं तर ती वॉर्म-अप सायकल. गल्लीतल्या गल्लीत चारदा चालू-बंद केल्याने ती मोजली जात नाही.

बॅटरीचं टर्मिनल काढून लाईट घालवणारे बरेच भेटतील. दोष तसाच असेल तर लाईट परत येते, फक्त मध्ये काही दिवस जातात आणि फ्रीझ फ्रेमही जाते. शिवाय काही गाड्यांत रेडिओचा कोड आणि काचांची सेटिंग पुन्हा करत बसा.

पुसल्यावर ॲपमध्ये ‘रेडिनेस’ मॉनिटर, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या, बघा. पुसलं की ते बहुतेक अपूर्ण होतात आणि गाडी वेगवेगळ्या परिस्थितीत चालली की एकेक करून पूर्ण होतात. सगळे पूर्ण झाले, पेंडिंगमध्ये काही नाही, मग दुरुस्ती झाली म्हणा. सेकंडहँड गाडी घेतानाही हेच बघा. डॅशबोर्ड स्वच्छ आहे पण बहुतेक मॉनिटर अपूर्ण, याचा अर्थ विकणाऱ्याने अलीकडेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे. आणि चावी ऑन केल्यावर चेक इंजिनची लाईट लागतच नसेल, तर बल्ब काढला आहे किंवा वर टेप चिकटवली आहे. तशी गाडी बघायलाही थांबू नका.

पीयूसी पास झालं म्हणून निश्चिंत होऊ नका. तिथे नळीतून धूर मोजतात. हीटरच्या सर्किटचा दोष त्यात दिसेलच असं नाही.

१०. गॅरेजमध्ये काय बोलायचं

"लाईट लागलीय, बघा" एवढंच सांगितलंत तर बघितलं जाईल तेही तेवढंच. त्याऐवजी: "पी०१७१ आहे, आयडलला ट्रिम अधिक २२, रेस दिली की ६ वर येतो. व्हॅक्यूम लीक बघायचाय, स्मोक टेस्ट करता का?" स्मोक टेस्टमध्ये इनटेकमध्ये धूर भरतात आणि गळती असेल तिथून तो बाहेर येताना दिसतो. कार्ब क्लीनर फवारून गळती शोधणारेही आहेत. गरम इंजिनावर ते पेटू शकतं, म्हणून घरी करू नका.

जॉब कार्डवर कोड लिहून घ्या. पार्ट बदलण्याआधी फोन करायला सांगा आणि कोणत्या चाचणीवरून पार्ट गेल्याचं ठरवलं ते विचारा. "स्कॅनरने सांगितलं" हे उत्तर आलं तर मीटरने मोजून दाखवायला सांगा. चांगला मेकॅनिक याला चिडत नाही, उलट खूश होतो. जुना पार्ट परत मागा. ऑक्सिजन सेन्सर, कॉइल आणि क्रँक सेन्सर यांत लोकल पार्ट घेऊ नका. बॉक्सवरचा पार्ट नंबर गाडीच्या पार्टशी जुळवून बघा आणि बिलावर तो लिहून घ्या. बिल वहीतच ठेवा, कोडच्या पानाशेजारी. तोच कोड महिन्याभरात परत आला तर गॅरेजवाल्यासमोर ते पान उघडायचं.